इंटरफेस निघता निघत नाही: लिनक्स कर्नलच्या नेटवर्क कोडमधला रेफरन्स काउंटचा घोळ शोधताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत मशीनशेजारी लिनक्सची छोटी पेटी आता सर्रास दिसते. फर्नेसचं तापमान आणि सीएनसीचे आकडे ती ऑफिसला पाठवते. एका बाजूला इथरनेट, दुसऱ्या बाजूला यूएसबीचं फोरजी डोंगल आणि मधे पेटी बनवणाऱ्याने घातलेलं एखादं कर्नल मॉड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला (कर्नलला) जोडलेला जादा कोड. ‘डोंगल अधूनमधून मरतंय, पेटी बंद-चालू केली की चालतं’ ही तक्रार याच पेट्यांवर वारंवार येते. डोंगल बदललं, सिम बदललं, केबल बदलली, तरी पंधरा दिवसांत तेच. अशा वेळी डोंगलच्या आधी कर्नलचा लॉग उघडावा.

कर्नलच्या आज्ञा, फंक्शन आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमनमध्येच टाइप करायची.

लक्षणं

सगळ्यात ओळखीचं लक्षण म्हणजे डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या आज्ञेत) दर १० सेकंदांनी येणारी ही ओळ:

अनरजिस्टर_नेटडिव्हाइस: वेटिंग फॉर यूएसबी० टू बिकम फ्री. युसेज काउंट = २

इंटरफेस गेला आहे, पण कर्नल त्याची मेमरी सोडू शकत नाही. कोणीतरी तो अजून ‘वापरतोय’ असं मोजणी (रेफरन्स काउंट, म्हणजे किती जण वापरताहेत त्याचा आकडा) सांगते. याच्या जोडीला डोंगल काढून परत लावलं तरी पेटीला ते दिसत नाही, त्याच हबच्या शेजारच्या पोर्टात लावलं तरी नाही. कारण डोंगल निघाल्याची दखल घेणारा हबचा वर्कर त्याच प्रतीक्षेत अडकलेला असतो आणि हबचं लॉक त्याच्याच हातात असतं. कंटेनर चालवत असाल तर ओळीत यूएसबी० ऐवजी एलओ (स्वतःशीच बोलणारा इंटरफेस) किंवा व्हेथचं (कंटेनरच्या आभासी इंटरफेसचं) नाव येतं आणि जुनी नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे कंटेनरचं वेगळं नेटवर्क, साफ होणं थांबतं. ती साफ करणारी रांग एकच, म्हणून पुढच्याने वाट अडवली की मागचे सगळे खोळंबतात. रीबूटही कधी कधी अर्ध्यावर अडकतो आणि शेवटी वीज काढावी लागते.

दुसऱ्या जातीच्या बिघाडात लॉगमध्ये ‘रेफकाउंट_टी: अंडरफ्लो, यूज-आफ्टर-फ्री’ किंवा ‘अॅडिशन ऑन ०’ अशी चेतावणी आणि खाली कॉल ट्रेस दिसतो. किंवा चेतावणीही येत नाही, पेटी थेट पॅनिक होते, म्हणजे कर्नलच कोसळतो, आणि दर वेळी वेगळ्याच ठिकाणी होते. पहिल्या जातीपेक्षा ही कितीतरी वाईट.

तिसरी जात मुकी. लॉगमध्ये काही नाही, फक्त स्लॅबटॉपमध्ये (कर्नलची मेमरी कशात गेली ते दाखवणारी आज्ञा) पॅकेटांचा साठा एसकेबफ_हेड_कॅश चढत जातो आणि उतरत नाही. पॅकेटं सोडायची राहून जात आहेत.

एक चकवा इथेच सांगायला हवा. कर्नल कधी कधी ‘टास्क अमुक ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद्स’ असं छापतो आणि वाचणारा त्याच टास्कच्या मागे लागतो. पण इंटरफेसची वाट बघणारा टास्क पाव सेकंदाच्या आत उठून परत झोपतो, त्यामुळे १२० सेकंदांच्या त्या नियमात तो सापडतच नाही. सापडतात ते त्याच्या लॉकसाठी मागे ताटकळलेले बिचारे. तुम्ही बळीचं नाव वाचत असता. आणि वाट बघणाराही गुन्हेगार नसतोच. ज्याने मोजणी वाढवली आणि परत केली नाही, तो बहुधा केव्हाच काम आटोपून निघून गेलेला असतो.

मोजणी म्हणजे काय, थोडक्यात

लग्नाला भांडी भाड्याने आणतो तसंच. पातेलं नेलं की दुकानदार वहीत एक रेघ मारतो, परत आलं की एक खोडतो. सगळ्या रेघा खोडल्या गेल्याशिवाय हिशोब बंद होत नाही. पांढऱ्या रश्श्याचं एक पातेलं कोणाच्या तरी घरी राहिलं की दुकानदार दर दहा मिनिटांनी फोन करत राहतो. ती ‘वेटिंग फॉर’ची ओळ. उलट, न आलेल्या पातेल्याची रेघ चुकून खोडली तर दुकानदार ते पातेलं भंगारात काढतो आणि तिकडे चुलीवर रस्सा उकळतोय. हा यूज-आफ्टर-फ्री.

कर्नलमध्ये रेघ मारणं म्हणजे डेव्ह_होल्ड, खोडणं म्हणजे डेव्ह_पुट. सॉकेटसाठी सॉक_होल्ड आणि सॉक_पुट, पॅकेटसाठी एसकेबी_गेट आणि केफ्री_एसकेबी, राउटसाठी डीएसटी_होल्ड आणि डीएसटी_रिलीज. नावं निराळी, हिशोब तोच.

फुकटातल्या तपासण्या

ओळ दिसल्यापासून ५ मिनिटं काहीही न करता थांबा आणि आकडा बघत राहा. संदेश दोन-तीनदा येऊन आपोआप थांबला तर ती गळती नाही. एखादा टीसीपी सॉकेट मुदत संपेपर्यंत राउट धरून बसला होता, शेजारी-तक्त्यातली (नेबर टेबलमधली) एखादी नोंद उशिरा सुटली, एवढंच. आकडा ५ वरून ३, ३ वरून २ असा उतरत असेल तरीही धीर धरा. एकाच आकड्यावर खिळून राहिला तर पुढे चला. कर्नल ५.१३ पासून या संदेशाचं अंतर नेट.कोअर.नेटडेव्ह_अनरजिस्टर_टाइमआउट_सेक्स या सिसकंट्रोलने (चालू कर्नलच्या सेटिंगने) बदलता येतं. त्याने फक्त ओरडणं कमी होतं, दुखणं नाही. लॉग भरतोय म्हणून ते ३६०० करून ठेवणारे आहेत, त्यांना नमस्कार.

आता आकडा नीट वाचा. जुन्या कर्नलमध्ये सगळं सुटल्यावर मोजणी शून्यावर यायची, म्हणून ‘युसेज काउंट = १’ म्हणजे एक रेघ राहिली. ५.१३ पासून मोजणी १ पासून सुरू होते आणि १ वर आली की सुटते, म्हणून तिथे एका गळतीला २ दिसतो. जुन्या पोस्टी वाचून नव्या कर्नलवर ‘दोन गळत्या आहेत’ असं समजून दुसरी शोधत बसू नका. आकडा ० किंवा ऋण दिसला तर मामला उलटा आहे, कोणीतरी दोनदा परत केलंय. तसं असेल तर वाट बघू नका, खालच्या केएएसएएनच्या (सोडलेल्या मेमरीचा वापर पकडणाऱ्या साधनाच्या) भागाकडे चला.

त्यानंतर /प्रॉक/सिस/कर्नल/टेंटेड ही फाइल वाचा. शून्य असेल तर तुमचा कर्नल शुद्ध आहे. १२८०० दिसलं तर ते ४०९६ अधिक ८१९२ अधिक ५१२: मूळ झाडाबाहेरचं (कर्नलच्या अधिकृत सोर्समध्ये नसलेलं) मॉड्यूल, त्यावर सही नाही, आणि आधी एकदा चेतावणी येऊन गेली आहे. आकड्यात १ मिसळलेला असेल तर बंद सोर्सचं मॉड्यूल. ४०९६ दिसलं की निम्मं उत्तर मिळाल्यासारखंच आहे: लाखो पेट्यांवर चालणाऱ्या मूळ कोडपेक्षा चार पेट्यांवर चालणाऱ्या मॉड्यूलवर आधी संशय घ्यावा. ते मॉड्यूल बूटच्या वेळी लोडच होणार नाही असं करून पेटी चालवून बघा. चालू पेटीवर मात्र आरएमएमओडी (मॉड्यूल काढायची आज्ञा) मारू नका. मॉड्यूलचा कोड गेला आणि त्याचा टायमर मागे राहिला तर जिथे गळती होती तिथे पॅनिक येतो.

कर्नलची आवृत्ती तपासा आणि त्याच शाखेतली शेवटची स्थिर आवृत्ती घाला. ही आळशी तपासणी वाटते, पण मोजणीच्या दुरुस्त्या स्थिर शाखांमध्ये सतत येत असतात. बोर्ड विकणाऱ्याने ५.१० ची सुरुवातीची आवृत्ती दिली आणि पुढे हात लावला नाही, असं असेल तर तुम्ही कदाचित कधीच दुरुस्त झालेला बग शोधत बसाल.

थोडक्या खर्चातली तपासणी

डोंगल निखळतंय म्हणून इंटरफेस जातोय आणि इंटरफेस गेला की बग उघडा पडतोय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉगमध्ये ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ची ओळ किती वेळा येते ते मोजा आणि वेळा फर्नेस चालू होण्याच्या किंवा वेल्डिंगच्या वेळांशी ताडून बघा. यूएसबी २ च्या पोर्टाने ५०० मिलिअॅम्पियर द्यायचे असतात. दूरच्या टॉवरला पूर्ण ताकदीने बोलणारं फोरजी डोंगल त्याच्या काठावर जातं आणि त्यात पेटीचा पॉवर सप्लाय हलका असेल तर व्होल्टेज बसतं. स्वतःचा अॅडाप्टर असलेला हब आणि आखूड, जाड केबल लावा. डिस्कनेक्ट दिवसाला दहावरून महिन्याला एकावर आले तर कारखान्याचा माणूस खूश होतो आणि तुम्हाला शांतपणे बग शोधायला वेळ मिळतो. पण बग गेला असं लिहून देऊ नका.

टेबलावर आणा

इथून पुढचं काम चालू लाइनवरच्या पेटीवर करायचं नाही. क्यूईएमयूमध्ये (आभासी संगणकात) तोच कर्नल आणि तेच मॉड्यूल उभं करा. व्हर्टमी-एनजी हे साधन असेल तर बांधलेला (कंपाइल केलेला) कर्नल मिनिटाभरात बूट होतो. डोंगलचीही गरज नाही. मॉड्यूल कुठल्याही इंटरफेसवर मोजणी वाढवतं, तर डमी इंटरफेस पुरतो: आयपी लिंक अॅड डमी० टाइप डमी, मॉड्यूल त्याला जोडा, थोडी पॅकेटं सोडा, आयपी लिंक डिलीट डमी०. हे चक्र २०० वेळा फिरवणारी शेल स्क्रिप्ट लिहा. पहिल्याच चक्रात अडकलं तर नशीबवान आहात, रोजच्या वाटेवरच चूक आहे. २०० चक्रं सुरळीत झाली तर चूक एररच्या वाटेवर किंवा दोन थ्रेडच्या शर्यतीत आहे. खरं डोंगलच लागत असेल तर ते शंभरदा उपटत बसू नका. सिसएफएसमधल्या (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो त्या जागेतल्या) यूएसबी ड्रायव्हरच्या अनबाइंड फाइलीत पोर्टचा क्रमांक लिहिला की डोंगल काढल्यासारखंच होतं.

एररच्या वाटा मुद्दाम चालवायला कर्नलमध्ये सोय आहे आणि ती वापरणारे फार कमी. फॉल्ट इंजेक्शन (मुद्दाम चूक घडवणं) आणि फेलस्लॅब (मेमरी-वाटप फसवणं) चालू करून कर्नल बांधा. मग थ्रेडच्या फेल-एनटीएच फाइलीत १ लिहा आणि मॉड्यूलची आज्ञा चालवा: पहिलं मेमरी-वाटप फसेल. मग २, मग ३, आज्ञा कुठेही न फसता पूर्ण होईपर्यंत. प्रत्येक वेळी डमी० काढून बघा. जी वाट कारखान्यात सहा महिन्यांतून एकदा चालते, ती इथे दहा मिनिटांत चालून होते.

कर्नललाच वही लिहायला लावा

साध्या मोजणीचा दोष असा की ती फक्त आकडा सांगते, नाव नाही. कर्नलच्या नेटवर्क कोडवर काम करणाऱ्या एरिक ड्युमाझेट यांनी लिहिलेला रेफ-ट्रॅकर ५.१७ मध्ये आला आणि हे काम पार बदललं. बांधताना कॉन्फिग_नेट_डेव्ह_रेफसीएनटी_ट्रॅकर आणि नेमस्पेससाठी कॉन्फिग_नेट_एनएस_रेफसीएनटी_ट्रॅकर चालू करा. आता ‘वेटिंग फॉर’च्या ओळीखाली ज्यांनी मोजणी धरली आहे त्यांचे कॉल स्टॅक छापले जातात. ज्या फंक्शनने पातेलं नेलं त्याचा पत्ताच हातात येतो. डीबग माहितीसह बांधलेला व्हीएमलिनक्स (कर्नलची न दाबलेली फाइल) जपून ठेवा. तो असेल तर डीकोड_स्टॅकट्रेस ही कर्नलच्या झाडातलीच स्क्रिप्ट पत्त्यांचं रूपांतर फाइल आणि ओळक्रमांकात करते.

एक खोच आहे. ट्रॅकर फक्त नेटडेव्ह_होल्ड आणि नेटडेव्ह_पुट या जोडीची नोंद ठेवतो. जुनं, साधं डेव्ह_होल्ड वापरणारा कोड वहीत नाव न लिहिता पातेलं घेऊन जातो. म्हणून आकडा २ दाखवतोय पण खाली गळतीचा स्टॅक नाही, तर निराश होऊ नका. उलट ती माहितीच आहे: गुन्हेगार साधं डेव्ह_होल्ड किंवा डेव्ह_गेट_बाय_नेम वापरणाऱ्यांपैकी आहे आणि तुमचं मॉड्यूल बहुधा त्यातलंच. मॉड्यूलमधल्या सगळ्या होल्ड-पुट जोड्या ट्रॅकरवाल्या करा आणि परत चालवा. ही जोडी या नावाने ६.० पासून आहे.

डेव्ह_होल्डवर केप्रोब (चालू कर्नलमधल्या फंक्शनवर लावायचा पहारा) लावून बघायचा मोह होतो. ते इनलाइन आहे, म्हणजे वेगळं फंक्शन म्हणून उरतच नाही, प्रोब लागतच नाही. डेव्ह_गेट_बाय_नेम, डेव्ह_गेट_बाय_इंडेक्स आणि डीएसटी_रिलीज यांच्यावर मात्र बीपीएफट्रेस (असे पहारे लावणारं साधन) लावून कर्नल स्टॅकनुसार मोजणी काढता येते. एसकेबीच्या (पॅकेटांच्या) मुक्या गळतीसाठी केमेमलीक हे हरवलेली मेमरी शोधणारं साधन चांगलं: स्कॅन दोनदा करा, पहिल्याला खोटे इशारे येतात. पण अडकलेल्या इंटरफेसबद्दल केमेमलीक गप्प राहतो, कारण त्याच्या दृष्टीने तो हरवलेलाच नाही. यादीत अजून त्याच्याकडे पॉइंटर आहे.

उलट बाजूच्या बिघाडाला, म्हणजे जास्तीच्या पुटला, केएएसएएन लावा. एकूण मेमरीचा आठवा हिस्सा तो सावलीसाठी घेतो आणि कर्नल चांगलाच मंदावतो, म्हणून हे काम टेबलावरच करावं. तो तीन स्टॅक देतो: मेमरी कोणी घेतली, कोणी सोडली, सोडल्यावर कोणी हात लावला. सोबत कॉन्फिग_पीसीपीयू_डेव्ह_रेफसीएनटी बंद करा. एरवी इंटरफेसची मोजणी प्रत्येक सीपीयूवर वेगळी, साध्या पूर्णांकात चालते आणि बेरीज घेतल्याशिवाय चूक कोणालाच कळत नाही. हा पर्याय बंद केला की तिथे रेफकाउंट_टी येतो आणि शून्याखाली जाताच जागेवर बोंब मारतो.

कोडमध्ये चूक कुठे सापडते

साधनं पत्ता देतात, चूक डोळ्यांनीच वाचावी लागते. या मॉड्यूलांमध्ये सापडणारा सगळ्यात नेहमीचा नमुना असा:

डेव्ह = डेव्ह_गेट_बाय_नेम(नेट, नाव);
इफ (!डेव्ह) रिटर्न -ईनोडेव्ह;
बफ = केमॅलॉक(लांबी, जीएफपी_कर्नल);
इफ (!बफ) रिटर्न -ईनोमेम;
...
डेव्ह_पुट(डेव्ह);

चौथ्या ओळीत मेमरी मिळाली नाही की माणूस घरी जातो आणि पातेलं तिथेच राहतं. मुख्य कर्नललाही हे चुकलेलं नाही: सीव्हीई-२०२०-२५६७० (सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक) ही एनएफसीच्या एलएलसीपी सॉकेटच्या बाइंडमधली अशीच मोजणीची गळती होती. उपाय साधा, सगळे रिटर्न एका लेबलकडे वळवा आणि पुट तिथेच करा. त्याहून बरं म्हणजे मोजणीच टाळणं. इंटरफेस दोन ओळींपुरताच हवा असेल तर आरसीयू_रीड_लॉकच्या आत (आरसीयू म्हणजे मोजणी न वाढवता वस्तू सुरक्षित वाचू देणारी कर्नलची पद्धत) डेव्ह_गेट_बाय_नेम_आरसीयू वापरा, ते मोजणी वाढवत नाही. अट एकच, त्या कुलपाच्या आत झोपायचं नाही, म्हणजे जीएफपी_कर्नलने मेमरी मागायची नाही. आणि दोन अधोरेखांनी सुरू होणारं __डेव्ह_गेट_बाय_नेमही मोजणी वाढवत नाही, त्यावर पुट केलं तर उलटी चूक. दोन अधोरेखांच्या फरकावर अख्खा दिवस जातो.

दुसरा नमुना इंटरफेस कायमचा धरून ठेवणाऱ्या मॉड्यूलांचा. लोड होताना होल्ड, अनलोड होताना पुट, कागदावर जोडी बरोबर. पण मधल्या काळात डोंगल निघालं तर? कर्नल सगळ्यांना नेटडेव्ह_अनरजिस्टर अशी हाक देतो आणि धरलेलं सोडा म्हणतो. रजिस्टर_नेटडिव्हाइस_नोटिफायर लावून ती हाक ऐकली नाही तर डोंगल पहिल्यांदा निखळताच पेटी अडकणार. इथरनेट कधी निघत नाही म्हणून बनवणाऱ्याच्या टेबलावर हे दिसलेलं नसतं. फाउंड्रीतल्या पेट्यांच्या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा हेच निघतं, म्हणून मॉड्यूलचा कोड हातात आला की आधी नोटिफायर आहे का ते शोधा.

तिसरा नमुना टायमरचा आणि यावर जरा थांबायला हवं. टायमर चालू असताना वस्तू जिवंत राहावी म्हणून टायमरच्या नावाने एक रेघ मारतात. मॉड_टायमर ० परत देतो तेव्हा टायमर नव्याने लागला. १ देतो तेव्हा तो आधीच लागलेला होता, फक्त वेळ पुढे ढकलली. दोन्ही वेळा सॉक_होल्ड केलं की प्रत्येक ढकलण्यागणिक एक गळती. कर्नलचं स्वतःचं एसके_रीसेट_टायमर नीट वाचा: ० आला तरच होल्ड. एसके_स्टॉप_टायमरमध्ये याचं प्रतिबिंब आहे: काढलेला टायमर खरोखर प्रलंबित असेल तरच पुट. नसेल तर तो एक तर सुटून गेलाय किंवा आत्ता दुसऱ्या सीपीयूवर पळतोय आणि आपली रेघ तो स्वतःच खोडणार आहे. वर्कक्यूचंही (मागाहून करायच्या कामांच्या रांगेचंही) तसंच. शेड्यूल_वर्कने फॉल्स दिलं म्हणजे काम आधीच रांगेत आहे, तुम्ही आगाऊ मारलेली रेघ तिथेच खोडा. आणि क्रम उलटा करू नका. आधी शेड्यूल आणि मग होल्ड केलं तर होल्डच्या आधीच काम संपून वस्तू गेलेली असू शकते. होल्ड नेहमी आधी.

पॅकेटांच्या बाबतीत प्रश्न मोजणीपेक्षा मालकीचा. डेव्ह_क्यू_एक्समिटला दिलेलं पॅकेट एरर आला तरी तुमचं राहत नाही, परत केफ्री_एसकेबी केलं की दुहेरी सोडणं झालं. ड्रायव्हरच्या एनडीओ_स्टार्ट_एक्समिटमध्ये नियम असा: नेटडेव्ह_टीएक्स_बिझी परत दिलं तर पॅकेट वरच्या थराचंच आहे, त्याला हात लावायचा नाही. ओके दिलं तर ते तुमचं, सोडायचं काम तुमचं. पॅकेट सोडून वर बिझी द्यायचं, ही चूक घाईत लिहिलेल्या ड्रायव्हरात सापडतेच.

बाकीचे दोन पटकन. पॉइंटर नव्या इंटरफेसकडे वळवून मग पुट केलं तर पुट नव्याला लागतं: जुना गळतो, नवा उणे होतो. ट्रॅकर हे लगेच पकडतो. आणि आरसीयूखाली तक्त्यातून वस्तू शोधली तर साधा रेफकाउंट_इंक चालत नाही. शून्यावर आलेल्या, मरणाऱ्या वस्तूला तो परत जिवंत समजतो. रेफकाउंट_इंक_नॉट_झीरो वापरा आणि स्लॅब पुनर्वापर करणारा असेल तर मोजणी धरल्यावर शोधलेली ‘की’ (वस्तूची ओळख) परत जुळवून बघा.

‘पूर्वी चालत होतं’ अशी केस असेल आणि संशय मुख्य कर्नलवर असेल तर गिट बायसेक्ट करा, म्हणजे निम्मे-निम्मे बदल (कमिट) वगळत चूक आणणारा बदल शोधा. दोन लागोपाठच्या आवृत्त्यांमध्ये चौदा-पंधरा हजार कमिट धरले तरी साधारण १४ पायऱ्यांत उत्तर येतं. मात्र तुमची २०० चक्रांची स्क्रिप्ट दर वेळी भरवशाने अडकत असेल तरच. दहातून एकदा अडकणाऱ्या चाचणीवर बायसेक्ट केलात तर शेवटी ज्याचा काही संबंध नाही अशा कमिटवर बोट ठेवलं जाईल.

दुरुस्ती झाली हे कधी म्हणायचं

तीच स्क्रिप्ट १००० चक्रं, फेल-एनटीएचच्या सगळ्या पायऱ्या, आणि केएएसएएन व प्रूव्ह_लॉकिंग (लॉकच्या चुका तपासणारा पर्याय) चालू असलेल्या कर्नलवर एक रात्रभर चाचणी. त्यानंतर साध्या कर्नलवर खऱ्या डोंगलने अनबाइंड-बाइंडची शंभर चक्रं. दुरुस्ती मूळ कर्नलच्या कोडमध्ये असेल तर ती स्वतःच्या झाडात लपवून ठेवू नका. चूक आणणारा कमिट शोधून त्याचे पहिले १२ अंक ‘फिक्सेस’च्या ओळीत लिहा, गेट_मेंटेनर स्क्रिप्टने नावं काढा आणि नेट शाखेसाठी पाठवा. नाही तर पुढच्या कर्नलला तोच पॅच परत बसवण्याचं काम तुमच्याच गळ्यात.

कुठे थांबायचं

आकडा जुळत नाही म्हणून कुठेतरी एक जादा डेव्ह_पुट घालून तो जुळवू नका. संदेश थांबतो, पेटी आठवडाभर छान चालते आणि मग रात्रपाळीत पॅनिक होते. गळतीमुळे फक्त रीबूट करावा लागतो, जादा पुटमुळे सोडलेल्या मेमरीत लिहिलं जातं आणि ते सुरक्षेचं भगदाड असतं. कोणी पातेलं नेलं ते कळलं नसेल तर वहीत खाडाखोड करायची नाही.

मॉड्यूल बंद सोर्सचं असेल तर ट्रॅकरचा स्टॅक, कर्नलची आवृत्ती आणि अडकवणारी स्क्रिप्ट बनवणाऱ्याला पाठवा आणि हात काढा. असेंब्ली वाचून पॅच करणं या कामाचा भाग नाही. केएएसएएनचा ट्रेस तुमच्या मॉड्यूलला न शिवता थेट नेट/कोअर किंवा नेट/आयपीव्ही४ मध्ये जात असेल, किंवा साध्या वापरकर्त्याला तो घडवता येत असेल, तर जाहीरपणे लिहू नका. आधी कर्नलच्या सुरक्षा चमूला आणि त्या भागाच्या देखभालकर्त्याला कळवा. दोन दिवस टेबलावर घालूनही अडकवता आलं नाही तर कर्नलवर काम करणारा माणूस बोलवा आणि त्याला लॉग, व्हीएमलिनक्स आणि कॉन्फिग फाइल द्या, नुसतं ‘डोंगल मरतंय’ सांगू नका. राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात पेटी नेऊ नका. तिथला माणूस फॉरमॅट मारून देईल, पंधरा दिवस बरं वाटेल आणि तुमचा लॉग तेवढा जाईल.

आणि पेटी फर्नेसच्या किंवा प्रेसच्या सुरक्षा-सर्किटला जोडलेली असेल तर प्लँट इलेक्ट्रिशियनने ती वेगळी केल्याशिवाय त्यावर एकही आज्ञा चालवू नका. अडकलेल्या पेटीला दुरून रीबूट करायचंच असेल आणि साधा रीबूट अडकत असेल तर सिसआरक्यूने (कर्नलला थेट आज्ञा द्यायच्या सोयीने) क्रमाने एस, यू, बी: डिस्क लिहून घे, फक्त वाचनासाठी कर, रीबूट. एस आणि यूनंतर पाच-पाच सेकंद थांबा. घाईत थेट बी दाबलात तर दिवसभराचे आकडे मेमरीतच राहतात, आणि सकाळी ऑफिसला तेच हवे असतात.